लिहिलेलं आणि खेळलेलं

एक मुलगी मित्राच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आहे. साल २०१०. खोकी उघडायची, एकेक वस्तू बाहेर काढायची आणि तिला घरात जागा करून द्यायची, एवढंच खेळणाऱ्याचं काम. पण हे घर आधीच भरलेलं आहे. कपाटात त्याचे कपडे, भिंतींवर त्याची चित्रं, स्वयंपाकघरात त्याची भांडी. तिचं काही ठेवायचं तर आधी त्याचं काहीतरी सरकवावं लागतं. मग एका खोक्यातून तिच्या पदवीचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र निघतं. ते ना बैठकीच्या खोलीत बसतं, ना झोपायच्या खोलीत. सगळीकडे लावून पाहिल्यावर शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं आणि गेम ते मान्य करतो.

दोन वर्षांनी तीच मुलगी आईवडिलांकडे, लहानपणीच्या खोलीत परतते. सामानात दोघांचा एक फोटो आहे. तो उघड्यावर कुठेही ठेवला तरी गेमला चालत नाही. नजरेआड टाकला की चालतो. नातं तुटल्याचं कुणीही सांगितलेलं नसतं.

'अनपॅकिंग' हा तो गेम. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 'विच बीम' या छोट्या स्टुडिओने तो २०२१ मध्ये आणला. १९९७ ते २०१८ या काळातली आठ स्थलांतरं, बस्स. संवाद नाहीत, निवेदक नाही. प्रत्येक घर लावून झालं की फोटोंच्या वहीत एखादी ओळ उमटते, तेवढाच काय तो मजकूर. २०२२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत उत्कृष्ट कथनाचं पारितोषिक या गेमला मिळालं. दोनच वर्षांपूर्वी, २०२० मध्ये, तेच पारितोषिक 'डिस्को एलिसियम'ला मिळालं होतं, आणि त्या गेममध्ये सुमारे दहा लाख शब्द आहेत.

एकाच पारितोषिकाचे हे दोन मानकरी शेजारी ठेवले की व्हिडिओ गेमच्या लेखनपुरस्कारांवरून दरवर्षी एवढी हमरीतुमरी का होते, ते लक्षात येतं. ज्यात जवळजवळ काही लिहिलेलंच नाही, त्याला लेखनाचं बक्षीस द्यायचं कशाच्या जोरावर? उलट, दहा लाख शब्द लिहिले म्हणून ते गेमचं लेखन कशावरून, ती नुसती पडद्यावर छापलेली कादंबरी कशावरून नव्हे?

आधी गेमचा लेखक नेमकं काय लिहितो, ते पाहायला हवं. मुख्य पात्रांचे संवाद तो लिहितोच. पण प्रत्येक संवादाला तीन-चार फांद्या फुटतात आणि त्या प्रत्येक फांदीचं भान पुढच्या प्रसंगांत ठेवावं लागतं. पहारेकऱ्याची हाक, जखमी सोबत्याची ओरड यांसारखे छोटे उद्गार धंद्याच्या भाषेत 'बार्क' म्हणून ओळखले जातात. तेही पुष्कळ प्रकारांनी लिहून ठेवावे लागतात, नाहीतर तेच वाक्य विसाव्यांदा ऐकताना जीव मेटाकुटीला येतो. टेबलावर पडलेली पत्रं, तलवारीखालची चार ओळींची माहिती, दुकानाच्या पाट्या, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं बहुतेक खेळणाऱ्यांच्या नजरेलाही पडत नाही. ज्युल्स व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेवर बेतलेला '८० डेज' (२०१४) हा याचा उत्तम नमुना. व्हर्नच्या कादंबरीतले फॉगसाहेब मुंबईला उतरून रेल्वेने कलकत्त्याकडे निघतात. गेममध्ये मार्ग आपण निवडायचा, आणि तोही फॉगचा नोकर पासपार्तू होऊन. मेग जयंत यांनी त्यासाठी काही लाख शब्द लिहिले. एका प्रवासात त्यातला अगदी थोडा भाग समोर येतो. २०१५ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये कथनाचं पारितोषिक त्याला मिळालं, ते योग्यच झालं.

आता डिस्को एलिसियम. एस्टोनियातल्या काही मित्रांनी उभं केलेलं हे काम. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट कुर्विट्झ याची याच काल्पनिक जगावरची कादंबरी २०१३ मध्ये आली आणि फारशी खपली नाही. मग तेच जग गेममध्ये आलं. दारू पिऊन स्मृती घालवून बसलेला एक पोलीस डिटेक्टिव्ह हॉटेलच्या खोलीत जागा होतो. त्याचा टाय छताच्या पंख्याला लटकलेला आहे. तो ओढायला जावं आणि प्रकृती तोळामासा असेल तर हृदयविकाराच्या झटक्याने गेम तिथेच संपतो. डिटेक्टिव्हच्या अंगचे चोवीस गुण त्याच्या डोक्यात बसून बोलतात. तर्क एक सांगतो, सहानुभूती दुसरं, आणि पाठांतराचा अभिमान असलेला 'एन्सायक्लोपीडिया' भलत्याच वेळी भलतीच माहिती पुरवतो. कोणता गुण किती वाढवायचा हे खेळणारा ठरवतो, आणि त्यावर कोणता आवाज वरचढ होणार ते ठरतं.

अवघड गोष्ट करायची तर दोन फासे पडतात. बहुतेक गेममध्ये फासे उलटे पडले की काम फसलं, पुन्हा प्रयत्न करा. इथे फसण्याचाही प्रसंग तितक्याच जीव ओतून लिहिलेला असतो. हॉटेलचं बिल बुडवून सटकण्याचा बेत फसला की हा गडी पळता पळता उलटा वळून मालकाला बोट दाखवायला जातो आणि व्हीलचेअरवर बसलेल्या एका वृद्ध बाईवर जाऊन आदळतो. हरलेल्या फाशाचा प्रसंग जिंकलेल्या फाशाहून रंगतदार करणं हे कादंबरीकाराचं काम नव्हे. ते गेमच्या लेखकाचंच काम. त्यामुळे दहा लाख शब्दांची पडद्यावरची कादंबरी हा आक्षेप इथे टिकत नाही. २०१९ च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये कथनासह चार पारितोषिकं या गेमने नेली. मात्र विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचं नेब्युला पारितोषिक त्याच वर्षीच्या कामांसाठी दिलं गेलं ते 'द आउटर वर्ल्ड्स'ला. डिस्को एलिसियम तिथे नामांकनावरच थांबला. या निकालाची आज कुणी आठवण काढत असेल तर ती चुकलेला निकाल म्हणूनच.

लेखनाचं पारितोषिक कागदावर ठरवायला गेलं की काय होतं, याचा धडा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, रायटर्स गिल्डने, पहिल्याच वर्षी घालून दिला. चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या लेखकांना पुरस्कार देणाऱ्या गिल्डने २००८ च्या सोहळ्यात गेमसाठी विभाग सुरू केला. हेतू चांगला होता. गेमच्या लेखकांना श्रेय मिळावं, त्यांनी संघटनेत यावं. पण अट अशी की लेखक गिल्डच्या गेमलेखक गटाचा सदस्य तरी असावा किंवा त्याने तसा अर्ज तरी केलेला असावा, आणि संहिता सादर करावी. २००७ हे तर गेमच्या लेखनाचं सुगीचं साल: 'बायोशॉक', 'पोर्टल', 'मास इफेक्ट'. तिन्हींपैकी एकही नामांकनात नव्हता. पहिलं पारितोषिक मिळालं 'डेड हेड फ्रेड'ला, मुंडकं उडालेल्या आणि वेगवेगळी मुंडकी लावून फिरणाऱ्या एका डिटेक्टिव्हच्या गेमला. पुढे २०२० च्या सोहळ्यात गिल्डने हा विभागच ठेवला नाही. पुढच्या वर्षी तो परत आणला.

बायोशॉकची संहिता गिल्डच्या टेबलावर पोचली असती तरी ती नुसती वाचून काय कळलं असतं? समुद्राच्या तळाशी उभारलेल्या रॅप्चर नावाच्या शहरात नायक अडकला आहे. रेडिओवरून एक आवाज त्याला वाट दाखवतो. अमुक दार उघड, तमुक वस्तू आण, आणि प्रत्येक विनंती अगदी अदबीने. खेळणारा मुकाट ऐकतो, कारण गेममध्ये ऐकायचंच असतं. कितीतरी तासांनी कळतं की ते अदबीचे शब्द म्हणजे नायकाच्या मेंदूत पेरलेली आज्ञा होती. त्या उलगड्याच्या क्षणी कंट्रोलर निकामी होतो. समोरच्या माणसाला गोल्फच्या काठीने मारणारे हात पडद्यावर दिसतात आणि ते थांबवता येत नाहीत. कागदावर हे एक वळण आहे, चांगलं पण आधी पाहिलेल्या जातीचं. खेळताना मात्र ती आपलीच आज्ञाधारकता असते. नाटकाच्या स्पर्धेत परीक्षकांनी संहिता वाचली आणि प्रयोग पाहिलाच नाही, तर निकालावर जेवढा विश्वास ठेवता येईल, तेवढाच कागदावरच्या गेमवरच्या निकालावर ठेवता येतो. गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत त्या वर्षीचं लेखनाचं पारितोषिक बायोशॉकलाच मिळालं, आणि हे पुरस्कार गेम बनवणारेच एकमेकांना देतात.

पण प्रत्यक्ष खेळून निकाल दिले तरी भांडण मिटत नाही. २०१८ घ्या. द गेम अवॉर्ड्समध्ये कथनाचं पारितोषिक 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला मिळालं. रॉकस्टारच्या या अवाढव्य गेममध्ये आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर सुरुवातीलाच एका आजारी शेतकऱ्याकडून कर्जवसुली करायला जातो. खेळणारा बटणं दाबून त्याला मारहाण करतो. शेकडो वसुल्यांसारखी एक वसुली वाटते. कितीतरी तासांनंतर आर्थर खोकू लागतो आणि डॉक्टर क्षयाचं निदान करतो. तो त्या शेतकऱ्याकडूनच लागलेला असतो. अपराध आणि शिक्षा यांच्यात एवढं अंतर ठेवण्याचं धैर्य लेखकांनी दाखवलं, त्याला दाद द्यायलाच हवी.

त्याच वर्षी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या कथनविभागात त्याचं नावही नव्हतं. हा गेम जपानमध्ये राहणाऱ्या लुकास पोप या एकट्या माणसाने लिहिला, काढला, प्रोग्रॅम केला आणि संगीतही त्यानेच दिलं. साल १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज पाच वर्षांनी इंग्लंडच्या फालमथ बंदरात परत येतं, तेव्हा त्यावर जिवंत माणूस नाही. खेळणारा विमा निरीक्षक. प्रत्येक प्रेताजवळ त्याला मरणाच्या आधीचे काही शब्द ऐकू येतात आणि मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. तेवढ्यावरून साठ जणांपैकी हा कोण आणि कशाने गेला, ते नोंदवहीत लिहायचं. कोण कोणत्या भाषेत ओरडला, कुणाच्या झोळीवर कोणता क्रमांक आहे, कुणाच्या पायात कसले मोजे आहेत, यावरून माणसं ओळखायची. जहाजावर इंग्रज आहेत, रशियन आहेत, चिनी आहेत, भारतीय खलाशीही आहेत. गोष्ट उलट्या क्रमाने उलगडते आणि ती खेळणाऱ्याने स्वतः जोडल्याशिवाय जुळतच नाही. त्या वर्षीचं सर्वोत्तम गेमलेखन हेच, आणि डेव्हलपर्स चॉइसच्या परीक्षकांनी कथनाचं पारितोषिक त्याला देऊन तसं म्हटलंही.

२०२० चा वाद याहून कडवट. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आणि 'हेडिस'. पहिल्यात लेखक नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस यांनी एक धाडस केलं. पहिल्या भागातला लाडका जोएल सुरुवातीलाच मारला जातो, आणि निम्मा गेम झाल्यावर त्याला मारणाऱ्या अॅबीचीच सूत्रं खेळणाऱ्याच्या हाती येतात. पुष्कळ चाहते संतापले. तो संताप हा लेखनाचा दोष मानता येणार नाही. जिचा सूड घ्यायचा तिच्याच अंगात शिरायला लावणं ही कल्पना याच माध्यमात एवढी टोचू शकते. दोष निराळा आहे. गेम खेळणाऱ्याला दुसरी वाट न देता हत्या करायला लावतो आणि मग त्याच हत्यांबद्दल त्याला अपराधी ठरवतो. बायोशॉकने आज्ञाधारकतेलाच विषय केलं होतं. इथे ती नुसती सोय म्हणून वापरली जाते.

हेडिसमध्ये पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस घर सोडून पळू पाहतो, वाटेत मरतो आणि पुन्हा घरीच येऊन पडतो. अशा प्रकारच्या गेममध्ये मरण म्हणजे सुरुवातीपासून सुरुवात, निव्वळ वैताग. लेखक ग्रेग कासाविन यांनी मरणालाच गप्पांचं निमित्त केलं. घरी परतलं की बाप टोमणा मारतो, दारातला झोपाळू हिप्नॉस कुणी मारलं ते विचारून सल्ला देतो, मागच्या खेपेला दिलेल्या भेटीची कुणीतरी आठवण काढतं. रेकॉर्ड केलेली वीस हजारांहून अधिक वाक्यं आहेत, म्हणून पन्नासाव्या मरणानंतरही कुणाकडे तरी नवं बोलणं शिल्लक असतं. हरणाऱ्याला पुन्हा खेळावंसं वाटतं, कारण घरी कोण काय म्हणेल याची ओढ लागते. द गेम अवॉर्ड्सने कथनाचं पारितोषिक लास्ट ऑफ असला दिलं. नेब्युला आणि बाफ्टाने हेडिसला दिलं, आणि २०२१ मध्ये विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळवणारा तो पहिला व्हिडिओ गेम ठरला. हेडिसच्या बाजूने लागलेले निकालच खरे.

नेब्युलाचे सगळे निकाल मात्र एवढे पटणारे नाहीत. २०१९ मध्ये गेमलेखनाचं पहिलंच नेब्युला 'बँडरस्नॅच'ला मिळालं, आणि तो नेटफ्लिक्सवरचा, मध्ये मध्ये पर्याय निवडायचा चित्रपट. २०२३ मध्ये ते 'एल्डन रिंग'ला, हिदेताका मियाझाकी आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना मिळालं. मार्टिन यांनी या जगाचा प्राचीन इतिहास रचला, मियाझाकींच्या चमूने तो फोडून त्याचे तुकडे चिलखतांच्या, अंगठ्यांच्या आणि मंत्रांच्या माहितीत पुरले. ते तुकडे सुंदर आहेत. ते जुळवत बसणाऱ्यांना त्यातून मोठा आनंद मिळतो. पण ज्याने त्यातलं अक्षरही वाचलं नाही, तोही हा गेम तितक्याच तन्मयतेने शेवटपर्यंत खेळू शकतो, ही गोष्ट परीक्षकांनी नजरेआड करायला नको होती. जगाच्या रचनेचं पारितोषिक असतं तर ते एल्डन रिंगला डोळे मिटून द्यावं. लेखनासाठी त्या वर्षी इतरत्र पाहायला हवं होतं.

निकाल असे भिन्न लागतात याची काही कारणं परीक्षणाच्या पद्धतीत आहेत. द गेम अवॉर्ड्समध्ये जगभरातल्या शंभराहून अधिक माध्यमसंस्थांच्या मतांना नव्वद टक्के वजन, उरलेले दहा टक्के जनतेचे. एकेका वर्षात पंचवीस-पंचवीस, शंभर-शंभर तासांचे गेम येतात. 'बाल्डर्स गेट ३'चा तिसरा अंक गाठायलाच कित्येकांना महिना लागतो. असा गेम शेवटपर्यंत खेळूनच प्रत्येकजण मत देतो, असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे. आणि फांद्या फुटलेल्या गेमचं लेखन एकाच वाटेने खेळून जोखताही येत नाही. निदान दोन परीक्षकांनी दोन वेगळ्या वाटांनी खेळून आपसांत बोलावं, एवढी तरी अट हवी.

दुसरी गोष्ट नावांची. द गेम अवॉर्ड्सचं २०२४ चं कथनाचं पारितोषिक 'मेटाफर: रिफँटाझिओ' या जपानी गेमला मिळालं. जगभरच्या बहुतेक परीक्षकांनी तो इंग्रजीतून खेळला असणार, म्हणजे ज्या वाक्यांना दाद मिळाली ती भाषांतरकारांनी घडवलेली होती. व्यासपीठावर त्यांचं नाव कुणी घेत नाही. नेब्युलाची एक गोष्ट म्हणूनच अनुकरण करण्यासारखी आहे. तिथे पारितोषिक गेमच्या नावासोबत लेखकांच्या नावांनी दिलं जातं.

भारताच्या संदर्भात दोन गेमची नावं यायलाच हवीत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पण विभागात नामांकित झाला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, आणि तिची कहाणी आपसांत बोलत सांगणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी महालांची आणि भित्तिचित्रांची आठवण करून देणारं त्याचं जग देखणं आहे. लेखनात तो कमी पडतो तो एकाच जागी. देव गोष्ट सांगत राहतात आणि राजीचे हात फक्त लढत राहतात. या दोन धाग्यांची गाठ क्वचितच बसते.

ती गाठ टोरोंटोच्या 'व्हेंबा'मध्ये बसते. १९८८ मध्ये तमिळनाडूतून कॅनडाला गेलेलं जोडपं, त्यातली बायको व्हेंबा, पुढे त्यांचा मुलगा कविन. व्हेंबाच्या आईची पाककृतींची वही जुनी, फाटकी, जागोजागी पुसट झालेली. पहिलाच पदार्थ इडली, आणि इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचायच्या हे त्या पुसट पानावरून ताडावं लागतं. चुकलं की पुन्हा. आठवत नसलेलं आईचं शिकवणं हाताला आठवेपर्यंत खेळणारा तिथेच अडून राहतो. पुढे मुलगा घरच्या जेवणाकडे आणि भाषेकडे पाठ फिरवू लागतो तेव्हा त्याचा सल लागतो, कारण तो स्वयंपाक खेळणाऱ्याने स्वतः केलेला असतो. सगळा गेम जेमतेम एका संध्याकाळचा. २०२४ मध्ये बाफ्टाने व्हेंबाला पदार्पणाचं पारितोषिक दिलं आणि कथनाचं बाल्डर्स गेट ३ला. कथनाचंही व्हेंबाला द्यायला काहीच हरकत नव्हती.